कागदावरचे वलय, मातीतली तार

४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘भारतनेट’ या ग्रामीण दूरसंचार योजनेच्या सुधारित आराखड्याला मंजुरी दिली, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः त्यातील रकमेची. १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये हा आकडा डोळे दिपवणारा होता. शिवाय २०११ साली हाती घेतलेली ही योजना एकामागून एक मुदती ओलांडत आलेली असल्याने, एवढा पैसा खर्चून तरी ती पार पडेल काय, असा प्रश्न विचारला जाणे साहजिकच होते. परंतु या आराखड्यात रकमेइतकाच महत्त्वाचा असा एक तांत्रिक बदल होता आणि त्याची दखल जेवढी घेतली जावयास हवी होती तेवढी घेतली गेली नाही. तोपर्यंत तालुक्याच्या ठिकाणाहून निघणारी ऑप्टिकल फायबरची केबल बहुतांशी रेषेसारखी गावागावांना शिवत जाई आणि अखेरच्या ग्रामपंचायतीत संपे. नव्या आराखड्याने ही रेषा मोडून तिच्या जागी वलय आणावयाचे ठरविले. म्हणजे अखेरच्या गावातून केबल दुसऱ्या वाटेने फिरवून पुन्हा तालुक्याला आणून जोडावयाची. सुमारे २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती अशा वलयांत गुंफण्याचा हा संकल्प आहे.

रेषा आणि वलय यांतील भेद कागदावर क्षुल्लक वाटतो. गावात तो तसा राहत नाही. दहा गावांची एक रेषा आहे असे धरले आणि चौथ्या गावाच्या पुढे गटार खोदणाऱ्या यंत्राचा दात केबलला लागला, तर पाचव्यापासून दहाव्यापर्यंतची सहा गावे एकदम मुकी होतात. दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत आलेली बाई दोन तास बसून परत जाते. ‘सरल’वर विद्यार्थ्यांची माहिती भरावयाची राहिलेला शिक्षक शाळा सुटल्यावर तालुक्याची एस. टी. पकडतो. परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख गाठू पाहणारा विद्यार्थी मोबाइल उंच धरून रेंज शोधत टेकडीवर फिरतो. या खोळंब्याचा हिशेब कोणत्याही खात्याच्या जमाखर्चात मांडला जात नाही. वलय असेल तर त्याच यंत्राने, त्याच जागी केबल तोडली, तरी पाचव्या गावाचा संदेश उलट्या दिशेने, दहाव्या गावाकडून फिरून येतो आणि कचेरीत बसलेल्या कारकुनाला काही घडल्याची वार्ताही लागत नाही.

हा फेर किती त्वरेने व्हावा, याचे दंडक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९० च्या दशकातच घालून दिले आहेत. ‘एसडीएच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळ्यांसाठी ठरलेला मानदंड असा, की बाराशे किलोमीटरपर्यंतच्या वलयात बिघाड ध्यानात आल्यापासून ५० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे एका सेकंदाच्या विसाव्या हिश्शात, वाहतूक दुसऱ्या अंगाने वळली पाहिजे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तेव्हा बाराशे किलोमीटरची फेरी त्याला अवघ्या सहा मिलिसेकंदांची. उरलेला वेळ यंत्रांनी एकमेकांना वर्दी देण्यासाठी आणि मार्ग बदलण्यासाठी. टेलिफोनवर बोलत असलेल्या माणसाला एवढ्या अवधीत टक् असा आवाज ऐकू आला तर आला.

ही त्वरा साधते, कारण बिघाड झाल्यानंतर यंत्रे विचार करीत बसत नाहीत. दुसरी वाट आधीच ठरलेली असते आणि तिच्यावर तेवढी जागा राखून ठेवलेली असते. इंटरनेटची मूळ रीत याहून निराळी आहे. तेथे प्रत्येक राउटर शेजाऱ्याला ठरावीक अंतराने निरोप धाडून त्याचे कुशल विचारतो. रूढ पद्धतीत हा निरोप दर दहा सेकंदांनी जातो आणि प्रकाश गेल्याची प्रत्यक्ष खूण मिळाली नाही, तर चाळीस सेकंद वाट पाहून मगच शेजारी नाहीसा झाल्याचे मानले जाते. त्यानंतर ही बातमी साऱ्या जाळ्यात पसरावयाची आणि प्रत्येकाने आपापला नवा मार्ग काढावयाचा. निरनिराळ्या कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणाऱ्या पद्धतीचा तर याहून संथ कारभार होता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, एका बिघाडानंतर मार्ग पुन्हा स्थिरावण्यास सरासरी तीन मिनिटे आणि काही वेळा पंधरा मिनिटेही लागतात, असे आढळले होते. पत्राच्या दृष्टीने हा विलंब काहीच नव्हे. पण बँकेच्या व्यवहाराला किंवा रुग्णालयातून चाललेल्या संभाषणाला तो परवडणारा नव्हता. म्हणून २००५ च्या सुमारास इंटरनेटच्या अभियंत्यांनीही, पर्यायी मार्ग आधीच काढून तयार ठेवण्याची पद्धत प्रमाण म्हणून मान्य केली. टेलिफोनवाल्यांची जुनी शिस्त त्यांनी निराळ्या नावाने आत घेतली, असेच म्हणावे लागेल. भारतनेटच्या सुधारित आराखड्यातील यंत्रणाही याच पद्धतीची आहे.

तेव्हा यंत्राच्या बाजूने प्रश्न बहुतांशी सुटलेला आहे. उरला आहे तो मातीच्या बाजूचा, आणि तो सोपा नाही.

सात तारा, एक केबल

जाळ्यात एकाऐवजी अनेक दुवे असावेत म्हणजे एखाद्या आघाताने ते कोलमडत नाही, हा विचार अमेरिकेतील रँड संस्थेच्या पॉल बॅरन यांनी १९६४ साली सविस्तर मांडला. अणुयुद्धाच्या छायेत लिहिल्या गेलेल्या त्या प्रबंधमालेत त्यांनी दाखवून दिले, की दळणवळण चालू राहण्यास किमान जितके दुवे लागतील त्याच्या तिप्पट-चौपट दुवे असले, तर बरीच केंद्रे नष्ट होऊनही उरलेल्यांचा परस्परसंपर्क टिकून राहतो. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या ‘आर्पानेट’ या जाळ्यामागे विचारांची हीच दिशा होती. या जाळ्याचा ईशान्य अमेरिकेतील न्यू इंग्लंडचा भाग उर्वरित देशाशी एका नव्हे, दोन नव्हे, सात तारांनी जोडलेला होता. नकाशा पाहणाऱ्याला यापेक्षा अधिक निर्धास्त वाटावे असे काय होते? १२ डिसेंबर १९८६ रोजी मध्यरात्रीनंतर नेवार्क आणि व्हाइट प्लेन्स यांच्या दरम्यान एक फायबर केबल तुटली आणि न्यू इंग्लंड सुमारे अकरा तास तुटून पडले. साती तारा त्या एका केबलमधूनच जात होत्या.

यात कोणी खोटे बोलले होते असे नाही. जाळे चालविणाऱ्यांनी सात तारा भाड्याने घेतल्या होत्या आणि टेलिफोन कंपनीने सात तारा दिल्या होत्या. घेणाऱ्याने त्या जमिनीतून कोठून जातात हे विचारले नाही, आणि देणाऱ्याला ते सांगण्याचे बंधन नव्हते. नकाशावरचा दुवा आणि चरातली केबल या दोन भिन्न वस्तू आहेत, एवढेच या घटनेने सिद्ध केले. पंधरा वर्षांनी, १८ जुलै २००१ रोजी, बाल्टिमोर शहराखालील हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात एक मालगाडी रुळांवरून घसरून पेटली. त्या बोगद्यातून एका नव्हे, अनेक कंपन्यांच्या फायबर केबली नेलेल्या होत्या. बोगदा आयता होता, रेल्वेची परवानगी घेतली की खोदाई वाचत होती. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे ग्राहक एकाच आगीत सापडले.

भारताच्या वाट्याला हाच अनुभव समुद्रातून आला. मुंबई ही १८७० सालापासून समुद्री तारेने युरोपशी जोडलेली आहे. ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने एडन ते मुंबई ही तार त्या वर्षी टाकली आणि तांबडा समुद्र, सुएझ, अलेक्झांड्रिया हा मार्ग रूढ झाला. पण त्या काळच्या राज्यकर्त्यांनी केवळ त्या एका मार्गावर भिस्त ठेवलेली नव्हती. इराणच्या आखातातून आणि तेहरानवरून जाणारी दुसरी वाट त्यांनी तयार ठेवली होती. साम्राज्याला आपल्या निरोपांची किंमत पुरती ठाऊक होती! त्यानंतर जवळजवळ १४० वर्षांनी, ३० जानेवारी २००८ रोजी, ‘सी-मी-वी-४’ आणि ‘फ्लॅग’ या दोन केबली अलेक्झांड्रियाजवळ तुटल्या आणि भारताची इंटरनेट क्षमता निम्म्याच्या आसपास घटली. केबली दोन, कंपन्या दोन. समुद्राचा तुकडा मात्र एकच. ज्या व्यावसायिकांनी पूर्वेकडून, प्रशांत महासागरामार्गे जाणारी क्षमता आधीच घेऊन ठेवली होती त्यांचे काम चालू राहिले, बाकीच्यांचे रखडले.

आता गावाकडे परत यावयास हरकत नाही. भारतनेटच्या वलयातील दुसरी वाट कोठून जाणार? सपाट प्रदेशात, जेथे गावाला तीन बाजूंनी रस्ते आहेत, तेथे हा प्रश्न पैशाचा आहे. कोकणात, सातपुड्यात, गडचिरोलीच्या जंगलात तो भूगोलाचा आहे. दरीच्या तोंडाशी असलेल्या गावाला एकच रस्ता आणि त्या रस्त्यावर एकच पूल असतो. दुसरी वाट काढावयाची तर डोंगर ओलांडावा लागतो, वनखात्याची परवानगी लागते आणि खडक फोडण्याचा खर्च सोसावा लागतो. केबल टाकण्याच्या कामात केबलपेक्षा खोदाईच महाग पडते, हे या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. जुन्या मानकाप्रमाणे चर १.६५ मीटर खोल हवा. खडकाळ जागी तेवढा खोदणे किती जिकिरीचे आहे, हे रस्त्याकडेला काम करणाऱ्या मजुरांना पाहिले तरी कळेल. अशा वेळी कंत्राटदाराला एक सोपा मार्ग मोह घालतो. एकच चर खोदावा आणि जाणारी व येणारी अशा दोन्ही केबली त्यातच पुराव्या; किंवा त्याहून सोपे म्हणजे, एकाच केबलमधील चोवीस तंतूंपैकी दोन जाण्यासाठी आणि दोन येण्यासाठी वापरावेत. संगणकाच्या पडद्यावर वलय पूर्ण दिसते. चाचणी घेतली तर एक तंतू काढताच वाहतूक पन्नास मिलिसेकंदांत दुसऱ्या तंतूवर वळते. सारे काही नियमाप्रमाणे आणि यंत्राचा दात लागेपर्यंत निर्दोष!

सर्वत्र असेच घडेल, असा याचा अर्थ नव्हे. जेथे दुसरा रस्ताच नाही तेथे रेडिओ लहरींचा मनोरा किंवा उपग्रह हा दुसऱ्या अंगाचा प्रामाणिक पर्याय आहे. भारतनेटमध्ये काही हजार दुर्गम ग्रामपंचायती मुळातच उपग्रहाने जोडावयाच्या ठरलेल्या होत्या, तेव्हा ही साधने योजनेला अपरिचित नाहीत. त्यांची क्षमता फायबरच्या मानाने अल्प असते, हे खरे. पण दाखले, पगाराची बिले आणि शाळेच्या नोंदी चालू ठेवण्यापुरती ती पुष्कळ झाली. खोट्या वलयापेक्षा खरा, पण अरुंद असा दुसरा मार्ग केव्हाही श्रेयस्कर.

न दिसणारा पहिला घाव

वलय खरे असले तरी त्याचा एक धोका आहे आणि तो त्याच्या यशातच दडलेला आहे. वलयाची पहिली तूट कोणालाच जाणवत नाही. ग्राहकाची तक्रार येत नाही, वृत्तपत्रात बातमी येत नाही, आमदाराचा फोन येत नाही. नियंत्रणकक्षातील पडद्यावर एक तांबडी खूण उमटते, एवढेच. पण त्या क्षणापासून ते वलय, वलय राहिलेले नसते. त्याची पुन्हा दोन टोकांची रेषा झालेली असते आणि दुसरी तूट होताच दोन्ही तुटींच्या मधली सर्व गावे बंद पडतात. वाहतूक पूर्ववत होणे आणि तार दुरुस्त होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सेकंदाच्या विसाव्या हिश्शात होते. दुसरीला माणूस, वाहन, स्प्लायसिंगचे यंत्र आणि ठाऊक असलेली जागा लागते. रेषेच्या काळात सहा गावांची ओरड दुरुस्ती पथकाला घराबाहेर काढीत असे. वलयाने ती ओरडच बंद केली, तर पथकाला बाहेर कोण काढणार?

याचे उत्तर कंत्राटाच्या अटींत शोधावे लागेल. सुधारित भारतनेटमध्ये जाळे उभारणाऱ्यानेच ते दहा वर्षे चालवावयाचे आणि राखावयाचे आहे, ही व्यवस्था स्वागतार्ह आहे. कारण कच्चे काम करणाऱ्याला त्याची फळे स्वतःच भोगावी लागतील. मात्र अशा कंत्राटांत सेवेचे मोजमाप बहुधा टक्केवारीने होते आणि टक्केवारी हा फार चतुर प्राणी आहे. महिन्याचे तास ७२०. नव्याण्णव टक्के उपलब्धता म्हणजे सात तासांहून थोडा अधिक बिघाड क्षम्य, असे वरवर दिसते. पण तीच नव्याण्णव टक्के शंभर ग्रामपंचायतींच्या सरासरीने मोजली, तर त्यांतील एक ग्रामपंचायत संपूर्ण महिना बंद राहूनही अट पाळली गेली, असे होते. ती एक ग्रामपंचायत कोणती असेल हे सांगावयास ज्योतिषी नको. ती रस्ता संपतो तेथली असेल. म्हणून मोजमाप प्रत्येक ग्रामपंचायतीचे स्वतंत्र हवे. आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, पहिली तूट किती तासांत सांधली गेली याची नोंद, ग्राहकाची सेवा एक क्षणही खंडित झालेली नसली तरी, ठेवली जावयास हवी आणि तिच्यावर दंड आकारला जावयास हवा. ज्या बिघाडाने कोणाचेच नुकसान झाले नाही त्यासाठी दंड कशाला, असा युक्तिवाद कंत्राटदार करतील. हिशेब तपासणाऱ्यांच्या मनातही तसाच एक प्रश्न असतो, की वलयाची निम्मी क्षमता रिकामी का पडून आहे? एस. टी.च्या गाडीला स्टेपनी असते. ती हजारो किलोमीटर नुसती वाहून नेली जाते म्हणून कोणी तिला अपव्यय म्हणत नाही. पण स्टेपनी पंक्चर असेल तर ती वाहून नेण्याला अपव्ययच म्हणावे लागेल, आणि न सांधलेले वलय ही पंक्चर स्टेपनी आहे.

दुरुस्तीचे काम वस्तुतः अवघड नाही. तुटलेल्या तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडून तो किती वेळात परतला यावरून तूट किती मीटरवर आहे हे सांगणारे ‘ओटीडीआर’ हे उपकरण दूरसंचार कर्मचाऱ्यांच्या हाती वर्षानुवर्षे आहे. अडचण पुढे येते. उपकरण सांगते ते तंतूच्या लांबीचे अंतर, रस्त्याचे नव्हे. प्रत्येक जोडाच्या ठिकाणी केबलची वेटोळी ठेवलेली असतात, चर वळणे घेतो, केबल पुलाखाली उतरते व पुन्हा चढते. तूट ९,४०० मीटरवर आहे म्हणजे रस्त्यावर नेमकी कोठे, हे ठरविण्यासाठी केबल टाकताना केलेल्या नोंदी लागतात. त्या अचूक असतील तर पथक थेट जागेवर जाते. नसतील तर अंदाजाने खोदत राहते आणि कधी कधी तसे खोदताना दुसऱ्याची केबल तोडते. पूर्वीच्या तारायंत्राच्या काळात लाइनमन खांबाखांबाने चालत जाई आणि तुटलेली तार त्याला डोळ्यांनी दिसे. जमिनीखाली गेलेल्या तारेने ती सोय काढून घेतली. तिच्या जागी नकाशा आला आणि नकाशा ठेवण्याच्या बाबतीत सरकारी खात्यांची ख्याती फारशी बरी नाही.

शिवाय केबल तोडणारे हात बहुधा आपलेच असतात. पाणीपुरवठ्याचे खाते, रस्त्याचे खाते, वीज कंपनी, गॅसची वाहिनी टाकणारे, असे सगळे एकमेकांना न विचारता तीच जमीन उकरतात. अशा असंघटित खोदाईने देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा सरकारचाच अंदाज आहे. २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइलवरील साधन पंतप्रधानांच्या हस्ते सुरू करण्यात आले, ते याच कारणास्तव. खोदण्यापूर्वी त्यावर जागा कळवावयाची, म्हणजे तेथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते. अमेरिकेत यासाठी ८११ हा टेलिफोन क्रमांक देशभर २००७ पासून चालू आहे, आणि न कळविता खोदणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी टाकणारे कायदे तेथील राज्यांनी केलेले आहेत. आपल्याकडे साधन आले. आता प्रश्न आहे तो ग्रामपंचायतीच्या हद्दीत तासावर यंत्र भाड्याने देणाऱ्या माणसापर्यंत ते पोचण्याचा. तो माणूस इंग्रजी नावाचे साधन उघडून पाहीलच, असे गृहीत धरण्यात अर्थ नाही. काम देणाऱ्या कार्यालयाने बिल मंजूर करताना खोदाईपूर्वीच्या सूचनेची पावती मागितली, तर तो आपोआप विचारू लागेल. २८ मार्च २०११ रोजी जॉर्जियात तांब्याच्या भंगारासाठी जमीन खणणाऱ्या एका ७५ वर्षांच्या वृद्धेच्या हातून केबल तुटल्याचे तेथील पोलिसांनी सांगितले. शेजारच्या आर्मेनियाचे इंटरनेट त्यामुळे काही तास जवळजवळ संपूर्ण बंद पडले होते. तिच्या हाती मोठे यंत्र नव्हते.

दुरुस्ती करणाऱ्याचा टेलिफोन

आणखी एका बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. जाळे पडले की ते उभे करणाऱ्यांनाही परस्परांशी बोलावे लागते, आणि ते बहुधा त्याच जाळ्यावरून बोलत असतात. ८ मे १९८८ रोजी, रविवारी, शिकागोजवळच्या हिन्सडेल येथील टेलिफोन केंद्राला आग लागली. केंद्रात कोणी नव्हते. धोक्याची घंटा वाजली ती दूर स्प्रिंगफील्ड येथे. आणि स्थानिक टेलिफोन त्या आगीनेच बंद पाडल्यामुळे अग्निशमन दलाला वर्दी पोचण्यास विलंब झाला. हजारो लोकांचे टेलिफोन त्यानंतर काही आठवडे पूर्ववत झाले नाहीत. हा प्रकार जुन्या काळचा म्हणावा, तर ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स या बड्या कंपनीचे जाळे यंत्रणेतील एका चुकीच्या बदलामुळे कोसळले. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहक दिवसभर संपर्काबाहेर गेले. कंपनीचे अभियंते ज्या वाटेने आपल्या यंत्रांपर्यंत पोचत ती वाटही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने त्यांचेच हात बांधले गेले, आणि परस्परांशी बोलण्यासाठी काहींना प्रतिस्पर्धी कंपन्यांची सिमकार्डे वापरावी लागली. तालुक्यातील दुरुस्ती पथकाच्या खिशात दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड असणे ही काही कोट्यवधींची बाब नव्हे.

वीज गेली तर वलयही हात टेकते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले आणि अनेक गावांचा संपर्क कित्येक दिवस तुटलेला राहिला. अशा प्रसंगी एकेक केबल तुटत नाही. वलयातील अनेक केंद्रे एकाच वेळी, बॅटरी संपताच, मालवतात. एका तुटीसाठी आखलेली यंत्रणा दहा तुटींपुढे चालणार नाही, हे मान्य करूनच पुढची तयारी करावयास हवी. येथे स्वस्तातला एक उपाय दूरसंचार खात्याने हाताळलेला आहे. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ वादळाच्या वेळी गुजरातमध्ये कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला ज्या कंपनीचा मनोरा चालू असेल त्याचा उपयोग करू देण्यात आला. चार कंपन्यांचे चार मनोरे असलेल्या गावात एक जरी उभा राहिला तरी गाव बोलू शकते. ही मुभा वादळ आल्यावर आदेश काढून देण्याऐवजी, मनोरा बंद पडताच आपोआप लागू व्हावी, अशी कायम व्यवस्था करता येण्यासारखी आहे. निसर्गाचा अनुभव घेतलेल्या कोकणाने तिचा आग्रह धरावयास हवा.

समुद्रातील तुटींचा प्रश्न मात्र गावाच्या आणि राज्याच्याही आवाक्याबाहेरचा आहे. १९ जून २०२३ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केलेल्या शिफारशींनुसार भारतात त्या वेळी १७ आंतरराष्ट्रीय केबली पाच शहरांतील १४ केंद्रांवर उतरत होत्या. त्या शहरांत मुंबईचे स्थान अग्रक्रमाचे. भारतीय ध्वजाखाली केबल-दुरुस्तीची जहाजे असावीत, असेही प्राधिकरणाने त्यात सुचविले. या सूचनेमागील निकड लवकरच दिसून आली. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी तांबड्या समुद्रात तीन केबली तुटल्या. हल्ल्यात सापडून भरकटलेल्या ‘रुबिमार’ या जहाजाचा नांगर त्यांवरून फरफटत गेला, असा निष्कर्ष काढला गेला. दुरुस्तीला महिने लागले, कारण जहाजापेक्षाही येमेनच्या परस्परविरोधी सत्तांची परवानगी मिळविणे दुष्कर होते. ६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच समुद्रात, जेद्दाजवळ, पुन्हा केबली तुटल्या आणि भारतातील वेग मंदावला. १८७० चा मार्ग अजूनही सर्वांत गजबजलेला आहे आणि सर्वांत बेभरवशाचाही.

ग्रामपंचायतीच्या हाती यांपैकी फारसे काही नाही. पण एक गोष्ट आहे. वलय पूर्ण झाल्याचा दाखला कंत्राटदाराने देण्यापूर्वी त्याचा नकाशा, दोन्ही वाटा दोन रंगांत दाखवून, त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. नकाशा समजण्यास अभियंता लागतो, ही सबब खरी नाही. गावातला प्रत्येक गुराखी पाणंद, ओढा, पूल आणि खिंड ओळखतो. दोन्ही रंग जर गावाबाहेरच्या त्याच एका पुलावरून जात असतील, तर ते ग्रामसभेतल्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही दिसेल.